एकट्या माणसाचा रणगाडा

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात कॅम्बर्ली नावाचं गाव आहे. लष्करी अधिकाऱ्यांची वस्ती, तेव्हा सैन्याचं स्टाफ कॉलेजही तिथंच होतं. १९२५ साली या गावात गिफर्ड मार्टेल नावाचा एक मेजर आपल्या घरच्या गॅरेजमध्ये, पदरमोड करून, रणगाडा बनवत होता. मॅक्सवेल मोटारीचं इंजिन, फोर्ड ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल, ‘रोडलेस ट्रॅक्शन’ कंपनीचे साखळीपट्टे, आणि पोलादी चिलखताच्या जागी चक्क लाकूड. आत जागा एकाच माणसाची. त्यानंच गाडी हाकायची आणि त्यानंच मशीनगन चालवायची.

लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत ही गाडी दोन-चार ओळींत संपते. माझ्या डोक्यातून मात्र ती जात नाही, याचं कारण माझा पेशा. मी उमेदीची वर्षं वाहनांच्या प्रोटो शॉपमध्ये, म्हणजे नव्या गाड्यांचे पहिले नमुने बनवायच्या कारखान्यात घालवली. जुन्या मॉडेलचा गिअरबॉक्स, तिसऱ्याच गाडीचे हब, हातानं ठोकलेला पत्रा, आणि हे सगळं एकमेकांना जोडायला रात्री जागून वेल्ड केलेले ब्रॅकेट, हे आमचं रोजचं जेवण. अशी गाडी पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीनं दहा फूट सरकते तेव्हा शॉपमध्ये जो आरडाओरडा होतो, तो कॅम्बर्लीच्या त्या गॅरेजमध्येही झाला असेल असं मला वाटतं.

मार्टेल हौशी माणूस मात्र नव्हता. रॉयल इंजिनिअर्समधला अधिकारी, मुष्टियोद्धा, हाडाचा अभियंता. १९१६ साली रणगाडा हे गुपित असताना सफोकमधल्या एल्व्हडनच्या जहागिरीवर फ्रान्समधल्या खंदकांची हुबेहूब नक्कल खणायचं काम त्याच्याकडे होतं. पहिल्या रणगाडेवाल्यांनी सराव केला तो तिथं. त्याच वर्षाच्या शेवटी त्यानं एक टिपण लिहिलं, की पुढं सबंध सैन्यच रणगाड्यांचं असेल. युद्धानंतर तो ख्राइस्टचर्चच्या पूल-संशोधन केंद्रात गेला आणि सुट्या पेट्या जोडून उभारायचा एक लष्करी पूल त्यानं तयार केला. सुटे भाग जोडून काहीतरी मोठं उभं करायचं, ही त्याची जन्माची खोड.

त्याचं म्हणणं साधं होतं. मशीनगनच्या माऱ्यात उघड्यावर धावणारा पायदळाचा शिपाई मरतो, हे जगानं चार वर्षं पाहिलं. मग प्रत्येक शिपायाला, निदान प्रत्येक टोळीला, स्वतःची छोटी चिलखती पेटी का देऊ नये? मोठा रणगाडा एक. त्याऐवजी छोट्यांचा थवा. थवा करायचा तर गाडी स्वस्त हवी. स्वस्त हवी तर लहान हवी. लहान हवी तर माणसं कमी हवीत. कमीत कमी किती? एक.

या उतरंडीतली प्रत्येक पायरी तर्काला धरून आहे, आणि शेवटची पायरी हवेत आहे.

अर्थात पैशाचा प्रश्न मार्टेलनं कल्पून काढलेला नव्हता. ऑगस्ट १९१९ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळानं ठरवून टाकलं होतं, की पुढच्या दहा वर्षांत मोठं युद्ध होणार नाही असं धरून खर्च करायचा. १९२२ मध्ये सरकारी खर्च छाटायला नेमलेल्या गेडिस समितीची कुऱ्हाड चालली. १९२३ मध्ये सरकारी रणगाडा आरेखन विभागच बंद झाला. त्या विभागाचा प्रमुख फिलिप जॉन्सन यानं शेती-वाहतुकीच्या वाहनांसाठी साखळीपट्टे बनवायची कंपनी काढली होती. तीच ती रोडलेस ट्रॅक्शन. म्हणजे सरकारनं मोडीत काढलेलं ज्ञान खासगी कंपनीचे पट्टे होऊन एका मेजरच्या गॅरेजमध्ये परत आलं. आमच्याकडेही एखादा विभाग बंद झाला की तिथली माणसं वर्षा-दोन वर्षांत सप्लायर म्हणून दारात उभी राहायची, दुप्पट दर घेऊन.

युद्ध खात्यानं गाडी पाहिली, त्यांना ती आवडली आणि मॉरिस कंपनीला चार नमुने बनवायला सांगितले. पहिला मार्च १९२६ मध्ये आला. पुढं साखळीपट्टे, मागं दिशा द्यायला दोन चाकं, असा तो प्रकार होता. चाचण्यांमध्ये जे कळायचं ते लवकरच कळलं: एकटा माणूस हे करू शकत नाही. खाचखळग्यांतून पट्ट्यांची गाडी हाकायला दोन्ही हात आणि दोन्ही डोळे लागतात. नेम धरायलाही तेवढेच लागतात. भरधाव रिक्षा चालवता चालवता मागं वळून प्रवाशाचे सुटे पैसे मोजून देण्यासारखं ते काम, आणि इथं समोरून गोळ्या येणार. थांबून गोळीबार केला तर हलत नाही म्हणून मरणार. हलत राहिला तर मारता येत नाही. मग दोन माणसांची मॉरिस-मार्टेल आली.

मार्टेलकडे एक गुण होता, जो प्रोटो बनवणाऱ्या फार थोड्यांकडे असतो. आपली गाडी तिच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं देते आहे, हे त्याला ऐकू आलं. एकट्याची कल्पना चालत नाही म्हटल्यावर तो तिला कवटाळून बसला नाही. पण तोवर ती गॅरेजबाहेर पडली होती.

त्याच सरेमध्ये, चर्ट्सी गावात, दुसरी एक जोडी होती. सर जॉन कार्डन हा आयर्लंडमधल्या जहागिरदार घराण्याचा सहावा बॅरोनेट. शिक्षणापेक्षा हाताचा धनी. मोटारसायकलच्या इंजिनावर चालणाऱ्या चिमुकल्या मोटारी बनवून विकायचा. त्याचा भागीदार व्हिव्हियन लॉइड. मार्टेलच्या गाडीचा बोलबाला झाल्यावर या दोघांनी आपली एकट्याची चिलखती गाडी केली, मग दोघांची, मग सुधारून आणखी एक, मग आणखी एक. पट्टे लवकर झिजतात म्हणून मधल्या एका नमुन्याला रस्त्यावर धावायला खाली उतरवता येणारी चाकंही लावून पाहिली. १९२७-२८ च्या सुमारास सहावा नमुना जमला, कार्डन-लॉइड मार्क सहा.

यंत्र म्हणून मला ही गाडी मनापासून आवडते. वजन दीड टन. उंची सव्वा मीटरच्या आत, म्हणजे शेजारी उभं राहिलं तर जेमतेम कमरेच्या वर. फोर्डच्या टी मॉडेलचं साडेबावीस अश्वशक्तीचं इंजिन, तेही त्याच्या मूळच्या ग्रहमालेच्या (प्लॅनेटरी) गिअरबॉक्ससकट. सगळं बाजारात मिळणारं, कुठल्याही गावात दुरुस्त होणारं. चिलखत जास्तीत जास्त नऊ मिलिमीटर, वर छप्पर नाही, एक व्हिकर्स मशीनगन, दोन माणसं शेजारी शेजारी. तोफ ओढायला लावा, धुराचे गोळे टाकायला लावा, सामान वाहायला लावा, कशालाही तयार. १९२८ मध्ये व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या बलाढ्य कंपनीनं कार्डन-लॉइड विकत घेतली, आणि गॅरेजमधल्या गाडीला जगभरचे विक्रेते मिळाले.

मग ती पसरली. पोलंडनं तिच्यावरून आपल्या टीके आणि टीकेएस केल्या. इटलीनं सीव्ही-३३ आणि तिच्या भावंडांचे दोन हजारांवर नग काढले. सोव्हिएत रशियानं टी-२७ अडीच हजारांवर बनवल्या. चेकोस्लोव्हाकियानं केली, जपाननं नमुने विकत घेऊन स्वतःची टाइप ९४ काढली, जर्मनीच्या पहिल्या पँझर रणगाड्यावरही तिची छाप आहे. ज्या देशांकडे रणगाडा घ्यायची ऐपत नव्हती त्यांना ‘आमच्याकडेही रणगाडे आहेत’ म्हणण्याची सोय झाली. संचलनात त्या छान दिसायच्या.

मला अडतं ते इथं. उत्तर तेव्हा नव्हतं असं नाही. मार्टेलनं गॅरेजमध्ये पहिला पाना फिरवला तेव्हा ब्रिटिश सैन्यात व्हिकर्स मीडियम नावाचा रणगाडा नुकताच दाखल झाला होता. त्याच्या फिरत्या बुरुजात तीन माणसं बसायची: एक तोफ भरणारा, एक नेम धरणारा, आणि एक कमांडर, ज्याच्या हाताला काहीही काम नव्हतं. तो फक्त बघायचा आणि सांगायचा. हिशेबनिसाला तो रिकामटेकडाच वाटणार. पण लढाईत पहिला जो बघतो तो वाचतो, आणि बघणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. ही गोष्ट त्या रणगाड्याच्या आरेखनात होती; कुणी तिचा डंका पिटला नाही एवढंच. पुढं त्याच धर्तीचा सोळा टनी रणगाडा आला तर तो एका नगाला सोळा हजार पौंडांच्या घरात गेला आणि महाग म्हणून बाजूला पडला.

१९२७ मध्ये सॅलिसबरीच्या माळावर यांत्रिक दलाचा प्रसिद्ध प्रयोग झाला. त्यात मॉरिस-मार्टेल आठ आणि कार्डन-लॉइड आठ अशा छोट्या गाड्या टेहळणीला होत्या. पुढच्या वर्षाअखेर दलच मोडलं. स्वस्त गाड्या तेवढ्या टिकल्या आणि वाढल्या. त्यांना बुरूज आला, हॉर्स्टमनच्या आडव्या स्प्रिंगांची निलंबनव्यवस्था आली, मेडोजचं इंजिन आलं, आणि ‘लाइट टँक’ या नावाखाली मार्क एकपासून मार्क सहापर्यंत पिढ्या झाल्या. १९३६ चा लाइट टँक मार्क सहा पाच टनांचा, तीन माणसांचा, ताशी पंचावन्न किलोमीटर पळणारा. चिलखत चौदा मिलिमीटर. वेग बघून माणूस हरखतो. आकडा चिलखताचा बघायचा असतो.

१९३५ च्या डिसेंबरात दोन गोष्टी पाच दिवसांच्या अंतरानं घडल्या. दहा तारखेला सर जॉन कार्डन ब्रसेल्सहून परतत होता. सबेना कंपनीचं त्याचं विमान सरेमधल्याच टॅट्सफील्डजवळ कोसळलं आणि तो गेला. वय त्रेचाळीस. पंधरा तारखेला इथिओपियात, देंबेग्विना खिंडीत, इथिओपियन सरदार रास इम्रूच्या योद्ध्यांनी इटलीच्या चिमुकल्या रणगाड्यांची तुकडी गाठली. या गाड्यांची मशीनगन पुढच्या बाजूला बसवलेली, थोडीशीच डावी-उजवी फिरणारी. मागून येणारा माणूस आतल्या दोघांना दिसायचा नाही आणि दिसला तरी त्याच्यावर गोळी झाडता यायची नाही. इथिओपियन मागून आले, गाड्यांवर चढले, मशीनगनच्या नळ्या वाकवल्या, आग लावली. आतली माणसं पेटीतच अडकली. दुसऱ्याच्या देशावर चालून गेलेल्यांची बाजू मी घेत नाही. पण त्या पेटीतून बाहेरचं जग किती दिसत असेल, हा प्रश्न मला पडल्यावाचून राहत नाही.

पुढं मार्च १९३७ मध्ये स्पेनमध्ये ग्वादालाहाराला याच इटालियन गाड्या सोव्हिएत टी-२६ रणगाड्यांसमोर आल्या. मशीनगन विरुद्ध पंचेचाळीस मिलिमीटरची तोफ. निकाल सांगायला नको. गंमत अशी की टी-२६ चं मूळ व्हिकर्सचा सहा टनी रणगाडा, आणि तोही कार्डन आणि लॉइड यांच्याच मेजावरचा. एकाच आरेखकांची दोन पोरं परक्या देशात एकमेकांवर चालून गेली.

हिंदुस्थानचा संबंध यात वरवरचा नाही. १९३१ च्या सुमारास सुरुवातीचे लाइट टँक वायव्य सरहद्दीवर चाचणीला आले आणि इथल्या उन्हानं त्यांची इंजिनं इतकी तापवली की थंड ठेवायची व्यवस्था बदलावी लागली. १९३५ च्या मोहमंद टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत ते वापरलेही गेले. खुद्द मार्टेल या काळात हिंदुस्थानात होता, आधी रुरकीला बंगाल सॅपर्स या अभियंत्यांच्या दलात, मग क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात शिकवायला. आणि १ मे १९३८ ला रावळपिंडीत सिंद हॉर्स या रेजिमेंटनं घोडे सोडून व्हिकर्सचे लाइट टँक आणि चिलखती गाड्या घेतल्या. भारतीय चिलखती दल अजूनही १ मे हाच आपला दिवस मानतं. आपण त्या दिवशी महाराष्ट्र दिनाचा झेंडा फडकवत असतो. नगरला मात्र दुसरीही एक लगबग असते, कारण या दलाचं केंद्र आणि शाळा तिथंच आहे.

नगरच्या (आता अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच येतं) रणगाडा संग्रहालयात जाणाऱ्यांची नजर पॅटन रणगाड्यावर खिळते. १९६५ चा विजय आहे तो, खिळणारच. मी मात्र एका बुटक्या जपानी रणगाड्यासमोर जास्त वेळ उभी राहिले. टाइप ९५, हा-गो. आरेखन १९३३-३५ मधलं, वजन साडेसात टनांच्या आत, चिलखत बारा मिलिमीटर, मित्सुबिशीचं हवेनं थंड होणारं डिझेल इंजिन. त्या काळी डिझेल वापरणं ही मोठी दूरदृष्टी होती, हे मान्य केलं पाहिजे. माणसं तीन: ड्रायव्हर, पुढचा मशीनगनवाला आणि बुरुजात एकटा कमांडर. तो कमांडर सदतीस मिलिमीटरची तोफ भरणार, नेम धरणार, झाडणार. बुरुजाच्या पाठीमागं आणखी एक मशीनगन आहे, ती चालवायला सगळा वळणार. आणि उरलेल्या वेळात गाडीचं आणि जमलं तर पलटणीचं नेतृत्व करणार. बुरूज इतका अरुंद, की त्यात वळायचं कसं हे मी बाहेर उभी राहून खांदे आक्रसून पाहिलं. शेजारच्या शाळेच्या सहलीतल्या पोरांनी माझ्याकडे बघून हसून घेतलं. कॅम्बर्लीतला तो एकटा माणूस इथं, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रात, अजून एकटाच होता. बाजूला दोन जण बसवले म्हणून त्याची कामं कमी झाली नव्हती.

फ्रान्सनंही बरेचसे रणगाडे असे एकट्याच्या बुरुजाचेच केले, आणि चिलखत उत्तम असूनही १९४० मध्ये ते आंधळ्यासारखे लढले. जर्मनांनी पँझर ३ मध्ये बुरुजात तिघं बसवले, शिवाय रेडिओ सांभाळायला वेगळा माणूस. रशियाचा नामांकित टी-३४ सुद्धा सुरुवातीला कमांडरकडूनच नेम धरून घ्यायचा. १९४४ मध्ये मोठा बुरूज आणि तिसरा माणूस आला तेव्हा तो खरा पुरा झाला. व्हिकर्स मीडियमनं हेच वीस वर्षं आधी केलं होतं.

कार्डननं मरणाआधी शेवटी हाती घेतलेल्या कामांपैकी एक म्हणजे पायदळाबरोबर चालायचा स्वस्त रणगाडा, पहिली मटिल्डा. अट होती कमीत कमी किमतीची. साठ मिलिमीटरचं चिलखत त्यानं दिलं, पण फोर्डच्या व्ही-८ इंजिनावर गाडी ताशी तेरा किलोमीटरच्या वर जाईना, हत्यार एक मशीनगन आणि माणसं दोन. कमांडर बुरुजात एकटा, आणि रेडिओ खाली. संदेश घ्यायचा तर बाहेर बघणं सोडून आत वाकायचं. २१ मे १९४० ला फ्रान्समध्ये अरासजवळ ब्रिटिशांनी जर्मन सेनानी रोमेलच्या डिव्हिजनवर प्रतिहल्ला केला, तेव्हा चौऱ्याहत्तर मटिल्डांपैकी अठ्ठावन्न या दुमाणशी होत्या. प्रत्यक्ष हल्ल्याची सूत्रं होती मेजर-जनरल मार्टेलच्या हातात.

म्हणजे पंधरा वर्षांनी एका गॅरेजवाल्याच्या हाताखाली दुसऱ्या गॅरेजवाल्याच्या गाड्या लढायला निघाल्या. जर्मनांचे सदतीस मिलिमीटरचे गोळे मटिल्डांवरून उडून जात होते आणि काही तास रोमेलची धांदल उडाली. पण रेडिओ जुळले नाहीत, पायदळ मागं राहिलं, कुणाला कोण कुठं आहे कळेना. दोन्ही रणगाडा बटालियनचे प्रमुख मारले गेले. शेवटी मैदानी तोफांनी आणि अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफांनी हल्ला थांबवला.

मार्टेलच्या मूळ कल्पनेचं मग काय झालं? ती जगली, पण रणगाडा होणं सोडून दिल्यावर. कार्डन-लॉइडच्याच वंशातली ब्रेन कॅरियर नावाची उघडी पट्टेगाडी एक लाखाहून अधिक निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धात ती माणसं, दारूगोळा, जखमी, पाणी असं काहीही वाहत सगळीकडे होती. लॉइडनंही आपली वेगळी कॅरियर काढली. शिपायाला गोळ्यांतून पुढं न्यायचं हा प्रश्न खरा होता. तिथं पोचल्यावर त्यानं पेटीतूनच एकट्यानं लढावं, ही मागणी जास्त होती.

संग्रहालयाच्या आवारात एक निवृत्त रिसालदार भेटले, पारनेरकडचे. नातवाला रणगाडे दाखवायला आले होते. आधी विजयंता रणगाड्यावर, मग टी-७२ वर काम केलेले. विजयंतात चार माणसं. टी-७२ मध्ये तोफ यंत्र भरतं म्हणून तीन. अर्जुनमध्ये पुन्हा चार. आता लडाखसाठी झोरावर नावाचा हलका रणगाडा होतोय, पंचवीस टनांचा, त्याच्या चाचण्यांच्या बातम्या त्यांनीही वाचल्या होत्या.

“त्यात किती जण, ताई?” त्यांनी विचारलं.

“तीनच. तोफ आपोआप भरते.”

“भरू द्या की. पण ट्रॅक निखळला तर ते यंत्र खाली उतरून पहार लावतंय का?” मग त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. रात्री मुक्काम, एक जण पहाऱ्याला. तेल भरायचं, दारूगोळा चढवायचा, फिल्टर झाडायचे. चौघं असताना ड्रायव्हरला झोपू द्यायचो, म्हणाले, कारण सकाळी त्याचे डोळे उघडे पाहिजेत. तिघं झाल्यावर त्यालाही उठवावं लागायचं. नातू मधेच ओढायला लागला, त्याला पॅटनवर चढायचं होतं आणि तिथं चढायला मनाई होती, तेव्हा रिसालदार ते भांडण मिटवायला गेले.